नानांची वही आणि बुडबुड्यांची वाइन

जून 2018 मध्ये आम्ही सेंद्रिय नोंदणीचा अर्ज भरला आणि मार्च 2024 मध्ये आमच्या द्राक्षांच्या स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनची पहिली पेटी गोदामाबाहेर पडली. पावणेसहा वर्षं. मधल्या काळात इतक्या जणांनी फोन करून "नेमकं काय काय लागतं हो?" असं विचारलं की एकदाचं लिहूनच टाकते. मी द्राक्षातली तज्ज्ञ नाही. पिंपळनेरला शाळेत शिकवते आणि घरातली कागदपत्रं माझ्याकडे असतात, एवढाच माझा अधिकार.

आमचं गाव साक्री तालुक्यात. सेलबारीची खिंड ओलांडली की पलीकडे बागलाण. खान्देश म्हटलं की लोकांना केळी, कापूस आणि भुसावळचं ऊन आठवतं. आमच्या या कोपऱ्यात मात्र जानेवारीच्या पहाटे बोटं वळत नाहीत. बागलाणचं बघून नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावली होती. अर्ली छाटणी घ्यायची, इतरांच्या आधी माल काढायचा, दोन पैसे जास्त मिळवायचे. ज्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस आला त्या वर्षी सगळा बाग डाउनी या बुरशीच्या रोगाने जायचा आणि औषधांची उधारी तेवढी उरायची. 2017 च्या दिवाळीत नानांनी उधारीचा आकडा बघून बाग तोडायचं ठरवलं.

माझ्या नवऱ्याची कृषी महाविद्यालयातली एक वर्गमैत्रीण नाशिक जिल्ह्यात एका छोट्या वायनरीत वाइनमेकर आहे. तिने सुचवलं की शेनिन ब्लाँ हे वाइनचं द्राक्ष लावा, सेंद्रिय करा आणि त्यातला थोडा माल स्पार्कलिंगला ठेवा. कारण सरळ होतं. आपल्याकडच्या उन्हात साखर चढेपर्यंत द्राक्षातली आंबट बाजू उतरून जाते. स्पार्कलिंगला माल लवकर, आंबट असतानाच काढायचा असतो. लवकर काढला की रोगाचे दिवसही कमी, आणि फवारणीचे हात बांधलेले असताना ते फार मोलाचं.

अडचण घरात होती. नानांच्या गळ्यात माळ आहे. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "हाई दारूज शे ना बेटा?" मी हो म्हटलं. 'द्राक्षरस' वगैरे सांगून वेळ मारून नेता आली असती, पण पुढची पाच वर्षं त्यांच्याच जिवावर काढायची होती. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, विषारी फवारे बंद होत असतील तर लावा. मी पिणार नाही आणि बाटलीला हातही लावणार नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये डॉगरिजचे खुंट लावले, सप्टेंबरात त्यावर शेनिनची पाचर कलमं केली. ते काम द्राक्ष करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, त्यावर लिहीत नाही.

कागदांवर लिहिते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली, म्हणजे ज्याला सगळे एनपीओपी म्हणतात त्यात, बहुवर्षायू पिकाला छत्तीस महिन्यांचा रूपांतर काळ असतो. तेवढा काळ सगळे नियम पाळायचे, दर वर्षी तपासणी करून घ्यायची, आणि त्यानंतरच्या तोडणीला सेंद्रिय म्हणायचं. अर्जाला सातबारा, आठ-अ, चतुःसीमा दाखवणारा शेताचा नकाशा, आधीच्या तीन वर्षांचा पीक आणि फवारणीचा इतिहास, माती-पाण्याचे अहवाल आणि पूर्ण वर्षाचा आराखडा लागला. पहिल्या वर्षी फी, तपासनिसाचा प्रवास आणि मुक्काम धरून 28,500 रुपये गेले. पुढे दर वर्षी चोवीस-पंचवीस हजार. किमान पंचवीस शेतकरी गट करून आलात तर हा खर्च वाटला जातो. आमच्या शिवारात आमच्याशिवाय कुणी तयार नव्हतं.

एक गोष्ट आधी कळली असती तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या. सातबाऱ्यावर दोन चुलत सासऱ्यांची नावं अजून होती. तोंडी वाटणी वीस वर्षांपूर्वी झालेली, पण कागदावर जमिनीचा गट एकच. प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला कोणता तुकडा सेंद्रिय आणि कोणता नाही ते मोजून दाखवायला हवं होतं. तलाठी कार्यालय, मग मोजणीचा अर्ज, मग मोजणीची तारीख, असं करत सव्वातीन महिने गेले. तुमच्याकडे गट सामाईक असेल तर आधी ते निस्तरा, अर्जाला नंतर हात घाला.

आणि शेत डायरी. छापील नमुना मिळतो: तारीख, काम, निविष्ठा, प्रमाण, कुणी केलं, शेरा. मी शाळेत, नवरा अर्धा वेळ ट्रॅक्टरच्या कामावर. बांधावर रोज असणारे नानाच. ते चौथी शिकलेले. आयुष्यात त्यांनी लिहिलं ते बँकेच्या फॉर्मवरच्या सहीपुरतं. पहिल्या महिन्यात त्यांनी एकूण सहा ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन गाय व्याल्याच्या. तपासनीस आला तेव्हा त्याने त्या ओळीही वाचल्या आणि म्हणाला, "बाबा, असंच लिहा, पण रोज लिहा." तेव्हापासून नानांना काय झालं कोण जाणे, ते सगळंच लिहायला लागले. जीवामृत कोणत्या ड्रमात, किती शेण, किती गोमूत्र, गूळ दोन किलो, बेसन दोन किलो. दशपर्णीला निर्गुडी कुठून तोडली. पाऊस किती वाजता सुरू झाला. वारा कुठून होता. निळ्या शाईने, काना-मात्रा मनाला येईल तसे, अर्धं अहिराणीत. तो अहिराणी भाग मी रात्री बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहायचे, कारण तपासनीस विदर्भाकडचा होता.

सेंद्रिय बागेत सर्वांत जास्त घाम फोडला तो फुटीने. इतर बागाईतदार फळछाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करतात, की सगळे डोळे एकदम फुटतात. आम्हाला ते चालत नाही. त्यामुळे एका वेलीवर एक फूट वीतभर, तर शेजारचा डोळा अजून झोपलेला. शेजारी येऊन बघून जायचे आणि घसा साफ करून काही न बोलता निघून जायचे. भुरीला गंधक, डाउनीला मोरचूद-चुन्याचं बोर्डो, तेही ठरलेल्या मर्यादेत. बाकी छाटणीची वेळ साधणं आणि पानं काढून हवा खेळती ठेवणं. एकरी तीन टन निघाले तर नवरा खूश असायचा. थॉमसनच्या काळात एवढा माल म्हणजे रडायची वेळ होती.

नोव्हेंबर 2020 मध्ये शेजारच्या शेतात ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी झाली आणि तुषार आमच्या बागेवर आले. नाना तिथेच उभे होते. त्यांनी फटफटी काढून नवऱ्याला शोधायला जायच्या आधी वहीत लिहिलं: सकाळी साडेनऊ, वारा मावळतीकडून, पश्चिमेच्या चार ओळी भिजल्या, पाचवीवर थोडं. त्या आठवड्यात मी स्वतःहून एजन्सीला कळवलं. न कळवता गप्प बसायचा सल्ला तिघांनी दिला होता, त्यातले दोघे नातेवाईक. तपासनीस येऊन ओळीनिहाय नमुने घेऊन गेला, एका नमुन्याच्या तपासणीला 7,800 रुपये. महिन्याने अहवाल आला. पश्चिमेच्या ओळींत अंश सापडले, सहाव्या ओळीपासून काही नाही. वहीतली नोंद आणि अहवाल जुळले म्हणून सगळ्या बागेचा काळ पुन्हा शून्यापासून मोजायची वेळ आली नाही. पहिल्या पाच ओळी कायमच्या सीमापट्ट्यात गेल्या, त्यांचा माल वेगळा तोडायचा आणि वेगळा विकायचा. पाच ओळी म्हणजे आमच्या बागेचा जवळजवळ आठवा भाग. त्या बांधावर आता आम्ही शेवरी आणि नेपियरची दाट रांग लावली आहे. ती पहिल्याच वर्षी लावायला हवी होती.

शेजाऱ्यांशी बोलणं दोन महिने बंद होतं. संक्रांतीला त्यांच्या घरून तिळगूळ आला, मग सुरू झालं. आता ते फवारणीच्या आदल्या रात्री फोन करतात.

जून 2021 मध्ये छत्तीस महिने भरले. 20 सप्टेंबरला फळछाटणी घेतली आणि जानेवारीच्या मध्यापासून मी शाळेतून आल्यावर रोज साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत. वाइनमेकर मॅडमला साखरेचा आकडा, म्हणजे ब्रिक्स, साडेअठराच्या आसपास हवा होता. खाऊन बघितलं तर दात आंबत होते. नानांना वाटायचं माल कच्चा तोडून आपण नुकसान करून घेतोय.

27 जानेवारी 2022 ला संध्याकाळी बातमी आली की राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. आमची तोडणी दुसऱ्याच दिवशी. रात्रभर गावच्या ग्रुपवर आम्हीच. पहाटे तोडणीला आलेल्या बायांनीही सोडलं नाही, "आता काय बाई, तेल-मीठ आणायला गेलं की तुमची बाटली!" तो निर्णय पुढे बारगळला, पण आमच्या घराला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

तोडणी चार वाजता सुरू करायची होती, म्हणजे द्राक्षं थंड राहतात. बाया साडेपाचच्या आधी बागेत शिरायला तयार नव्हत्या, कारण आठवड्यापूर्वी ओढ्याकाठी बिबट्या दिसला होता. त्यांचं बरोबरच होतं. मग ट्रॅक्टरचे दिवे लावून साडेपाचला सुरुवात केली. वीस किलोची नेहमीची क्रेट वापरू नका, खालचा थर दबून रस सुटतो आणि वाटेतच आंबायला लागतो. आम्ही क्रेटमध्ये दहा-बारा किलोच भरले. दहाच्या आत दोन टन माल पिकअपमध्ये चढला, वर ओली गोणपाटं. सेलबारी, ताहराबाद, सटाणा करत दुपारी वायनरीत.

इथे एक खुलासा, कारण सर्वांत जास्त प्रश्न यावरच येतात. घरी वाइन बनवता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि दोन एकराच्या शेतकऱ्याने स्वतःची वायनरी काढणं हे आमच्या कुवतीबाहेरचं होतं. आम्ही परवाना असलेल्या वायनरीशी करार केला: द्राक्षं आमची, बनवणं आणि साठवणं त्यांचं, बाटलीमागे 165 रुपये. जाड काचेची बाटली, बूच, तार, वरची पन्नी यांचे आणखी 118. करार शंभराच्या स्टँपपेपरवर केला आणि त्यात तीन कलमं मी हट्टाने घातली: फुटलेल्या बाटल्या कुणाच्या खात्यात, वाइन बिघडली तर काय, आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची वेळ आली तर भाडं किती. तिन्ही कलमं पुढे उपयोगी पडली.

घड न सोलता, देठांसकट हलक्या दाबाने पिळले. दोन टनांतून साधारण 1,100 लिटर रस निघाला. दाब वाढवला असता तर आणखी निघाला असता, पण तो कडवट असतो. टाकीत 16 अंशांना आंबवणं सुरू झालं आणि सहाव्या दिवशी मॅडमचा फोन: टाकीला कुजक्या अंड्यांचा वास येतोय, शेवटचं गंधक कधी मारलं होतं?

द्राक्षांवर गंधक शिल्लक असलं तर असा वास येतो हे मला तेव्हा कळलं. वही काढली. शेवटचं गंधक तोडणीच्या एकेचाळीस दिवस आधी, दोन ओळी सोडून, कारण पंप बिघडला होता. मॅडम म्हणाल्या, मग गंधक नाही, यीस्ट उपाशी आहे. रासायनिक खत नसलेल्या बागेतल्या रसात नायट्रोजन कमी पडू शकतो, आणि यीस्टला तो मिळाला नाही की ते असा वास सोडतं. त्यावर वायनरीत सर्रास वापरतात ते डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपलं डीएपी खतच, फक्त शुद्ध प्रतीचं. मी फोन स्पीकरवर ठेवलेला, नाना समोर बसलेले. "तीन वरीस डीएपी बांधवर येऊ दिधं नही, आन आते रसमा टाकतस का?" मॅडमनी ते ऐकलं आणि मृत यीस्टपासून बनवलेलं खाद्य घालायचं ठरवलं. थोडं महाग पडलं. टाकीत हवाही खेळवली. तीन दिवसांत वास गेला. त्या तीन रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

एप्रिल 2022 मध्ये साध्या, तयार, आंबट वाइनमध्ये लिटरला 24 ग्रॅम साखर आणि नवीन यीस्ट मिसळून ती बाटल्यांत भरली आणि सोड्याच्या बाटलीसारखी टोपणं ठोकली. बुडबुडे इथे जन्माला येतात. यीस्ट बाटलीतच ती साखर खातं, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्ये मुरतो. चार ग्रॅम साखरेला साधारण एक बारचा दाब, म्हणजे सगळी साखर संपेपर्यंत सहा बार. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून बाटली नेहमीच्या वाइनपेक्षा कितीतरी जड असते, आणि म्हणून ती साधी बाटली स्वस्तात मिळते म्हणून वापरायची नसते. 1,290 बाटल्या भरल्या.

मग काहीच नाही. अठरा महिने आडव्या बाटल्या, अंधार, गारवा. मेलेलं यीस्ट तळाशी पडून राहतं आणि वाइनला हळूहळू भाजलेल्या पावासारखा वास देतं. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात साध्या शॅम्पेनलाही विक्रीआधी किमान पंधरा महिने ठेवावंच लागतं. आमच्या वाइनला शॅम्पेन म्हणता येत नाही, ते नाव त्या भागाचं. गावातले लोक तरी तसंच म्हणतात.

या काळात पैसे फक्त जातात. 2023 च्या मे महिन्यात वायनरीच्या कूलिंगचा कॉम्प्रेसर एका रात्री बंद पडला, सकाळपर्यंत तळघर चांगलंच तापलं आणि नऊ बाटल्या फुटल्या. करारातलं पहिलं कलम तेव्हा कामाला आलं. बँकेच्या साहेबांना मी हे सांगत होते तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, माल तयार आहे पण दाखवता येत नाही, विकता येत नाही आणि फुटतो?" मी हो म्हटलं. पीककर्जाच्या हप्त्याचं गणित या अठरा महिन्यांत बसत नाही, हे ज्यांना करायचंय त्यांनी आधी ओळखून असावं. आम्ही उरलेली द्राक्षं साध्या वाइनसाठी किलोला 45 रुपयांनी वायनरीलाच दिली, त्यावर घर चाललं.

तळाचा गाळ बाहेर काढायचा तर आधी तो बाटलीच्या मानेत आणावा लागतो. छिद्रं पाडलेल्या तिरक्या फळ्यांत बाटल्या मानेकडून खोचतात, आणि दिवसातून एकदा-दोनदा प्रत्येक बाटली आठवा हिस्सा फिरवून किंचित उभी करत नेतात. तीन-चार आठवड्यांत बाटली डोक्यावर उभी राहते आणि गाळ टोपणावर बसतो. मोठ्या वायनऱ्यांत यंत्र असतं. आमच्याकडे फळ्या होत्या, आणि त्या हंगामात वायनरीत माणसं कमी होती. मॅडम म्हणाल्या, कुणीतरी महिनाभर इथे राहायला हवं. नवऱ्याला बाग सोडता येत नव्हती, मला शाळा. नाना म्हणाले, कार्तिकी करून येतो, मग जातो.

बाटलीला हात न लावण्याबद्दल त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं. बूच निघत नाही तोवर ती दारू नाही, असा नानांनी स्वतःपुरता निकाल लावला होता.

25 नोव्हेंबर 2023 ला मी नाना आणि सासूबाई दोघांना वायनरीच्या कामगारांच्या खोलीत सोडून आले. दुसऱ्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. बाहेर लोकांच्या बागा झोडपल्या जात होत्या आणि नाना तळघरात बाटल्या फिरवत होते. त्या रात्री फोनवर त्यांचा आवाज बसला होता. आमच्या बागेत पाऊसच झाला, गारा नाहीत, हे मी चारदा सांगितलं.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा मी त्यांना काम करताना पाहिलं. दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम. मनगट एवढंसं हलायचं, टक्, सोडायचं, पुढच्या दोन. प्रत्येक बाटलीच्या बुडाला चुन्याचा पांढरा ठिपका, तो घड्याळाच्या काट्यासारखा सरकत जाणारा. रांग संपली की एखादी बाटली काढून दिव्यासमोर धरायचे. गाळ आधी बाटलीच्या कुशीला पसरलेला असतो, मग त्याची रेघ होते, मग तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखं वरचं सगळं नितळ होतं आणि गाळ मानेशी उतरतो. सासूबाई मोजणीला. चुकलेली बाटली त्याच सांगायच्या. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की ही गाळ काढायची युक्ती दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये क्लिको नावाच्या बाईंच्या तळघरात निघाली, सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला आणि धंदा त्यांनी हातात घेतला. सासूबाईंना गाळापेक्षा त्यातच रस होता. "सासरच्यांनी करू दिधं तिले?" हा प्रश्न त्यांनी मला दोनदा विचारला.

22 डिसेंबरला गाळ काढला. उलट्या बाटलीची मान उणे 25 अंशांच्या द्रावात बुडवतात, गाळासकट बर्फाचा खडा होतो. बाटली सरळ केली, टोपण उडवलं, की दाबाने तो खडा बंदुकीसारखा बाहेर. जी जागा रिकामी होते तिथे वाइन आणि थोडी साखर भरतात. आम्ही लिटरला सहा ग्रॅम ठेवली. बारापर्यंत असेल तरी ब्रूट, म्हणजे फारशी गोड नसलेली, म्हणता येतं, पण आंबटपणा लपवायचा नव्हता. मग जाड बूच, त्यावर तार, तारेला सहा अर्धे पीळ. पहिल्या तासात पस्तीस-एक बाटल्यांतून फेसाबरोबर अर्धी वाइन गेली, कारण बाटल्या पुरेशा गार केल्या नव्हत्या. ती चूक आमच्याच घाईची. शेवटी 1,214 हाती आल्या.

लेबलवर दोन महिने गेले. लेबलची नोंदणी उत्पादन शुल्क विभागाकडे वायनरीच्या नावाने होते, आमच्या नाही. मद्याचं प्रमाण, सल्फाइट, आरोग्याचा आणि गाडी न चालवण्याचा इशारा, हे सगळं अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे. एकदा अक्षरांच्या आकारावरून परत आलं. आणि सेंद्रिय हा शब्द त्यावर नाही. बाग प्रमाणित आहे, पण वायनरीची प्रक्रिया प्रमाणित नाही, आणि त्याशिवाय तो शब्द किंवा चिन्ह बाटलीवर लावता येत नाही. हे नियमात पहिल्या दिवसापासून होतं, मीच ते 2023 मध्ये नीट वाचलं. छत्तीस महिने, दीड लाखाच्या आसपास खर्च आणि तेवढ्या वह्या, आणि बाटलीवर त्याचं नाव नाही. त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोलले नाही. जे सुरू करताहेत त्यांनी वायनरी निवडतानाच विचारा की ती स्वतःचं प्रमाणपत्र घेणार आहे का. आमची आता अर्ज करते आहे.

बाटलीमागे सगळं धरून साडेतीनशे ते चारशेच्या मधे खर्च पडला. आम्हाला घरून एकही विकता येत नाही. वायनरीच्या टेस्टिंग रूममधून आणि नाशिकच्या एका हॉटेलातून जातात. बाटल्या गोदामातून हलवायच्या तर वाहतूक पास लागतो. मी उत्साहात पहिल्या विक्रीसाठी 26 जानेवारी सुचवली होती. मॅडम फोनवर बराच वेळ हसल्या, तो ड्राय डे.

घरी पास काढून सहा बाटल्या आणल्या. नवऱ्याने हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीबरोबर उघडली, आणि ते खरोखर जमलं, कारण भरताचं तेल आणि भाजलेपण तिच्या आंबटपणाने कापलं जातं. शेवभाजीबरोबर मात्र देऊ नका. तिखट आणि बुडबुडे एकत्र आले की जीभ पेटते आणि वाइन कडू लागते. केळीचे वेफर चांगले. नानांनी पेला नाकाशी नेला, बराच वेळ धरला, बागेत फुलोऱ्याला असा वास येतो म्हणाले आणि परत दिला. मग वही मागितली.

एक बाटली जळगावच्या भाच्याने नेली, एप्रिलमध्ये, गाडीच्या डिकीत, आणि घरी पोचल्या पोचल्या उघडली. बूच पंख्याला लागलं, पंखा वाकला, वाइन भिंतीवर. फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवा, तार काढताना अंगठा बुचावरून हलवू नका आणि बाटली फिरवा, बूच नाही. त्याने आता दुसरी मागितली आहे. 2023 च्या मालाच्या बाटल्या अजून आडव्याच आहेत, त्याला तसं सांगितलंय.